रसातलं शिसं: फळापेक्षा भांड्याकडे बघा

प्रश्न एका आईचा आहे. "माझ्या ४ वर्षांच्या मुलाला शाळेत जाताना रोज सफरचंदाच्या रसाचं छोटं पाकीट देते. अमेरिकेत अशा रसांमध्ये शिसं आणि आर्सेनिक सापडल्याचं वाचलं आणि झोप उडाली. पाकीट बंद करून घरी ताजा रस काढून द्यावा, की रसवंतीचा चालेल? सासूबाई कोकम आणि लिंबाचं सरबत पितळेच्या पातेल्यात करतात, ते चांगलं असतं म्हणतात. खरं काय? आणि घरचा रस कुठे तपासून मिळतो का?"

उत्तर आधी थोडक्यात देते. रोजचं पाकीट थांबवा आणि त्याच्या जागी फळ द्या, चावून खायचं. आणि आज संध्याकाळीच पितळेच्या त्या पातेल्याची कल्हई बघा. तुमच्या घरात सगळ्यात आधी लक्ष घालायची जागा मला तीच दिसते. आता हे का, ते सविस्तर.

मी २२ वर्षं अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आहे. रस, सरबतं, स्क्वॉश, आमरस, आगळ असे असंख्य नमुने हाताखालून गेले. लोक नेहमी "ताजा की पॅकबंद" असं विचारतात. धातूंच्या बाबतीत हा प्रश्नच फारसा कामाचा नाही. मी उलट तीन गोष्टी विचारते: फळ कोणत्या मातीतलं, काढल्यापासून पिईपर्यंत हा आंबट द्रव कोणकोणत्या धातूला किती वेळ लागून होता, आणि पिणाऱ्याचं वजन किती. ही तीन उत्तरं मिळाली की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं.

आधी अमेरिकेची गोष्ट, कारण भीती तिथून आली आहे. तिथल्या सफरचंदाच्या बागांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून लेड आर्सेनेट हे कीटकनाशक फवारत. नावातच दोन्ही आहेत, शिसं आणि आर्सेनिक, म्हणजे आपल्याकडचा सोमल ज्याचा बनतो तो. फळ पोखरणाऱ्या अळीवर ते उपयोगी पडायचं. पुढे डीडीटी आल्यावर त्याचा वापर घटला आणि १९८८ मध्ये तिथे त्यावर पूर्ण बंदी आली. पण धातू कुजत नाही, विरत नाही, उन्हाने जळत नाही. बागेच्या वरच्या थरातल्या मातीत तो बसून राहतो आणि झाडाच्या मुळांतून थोडा थोडा वर येत राहतो. फवारणारे आजोबा गेले, बाग नातवाकडे आली, तरी माती तीच.

२०११ मध्ये तिथल्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमाने सफरचंदाच्या रसातल्या आर्सेनिकवर रान उठवलं. सरकारी शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला की तुम्ही एकूण आर्सेनिक मोजलंत, त्यातलं विषारी किती ते सांगा. आक्षेप तत्त्वतः बरोबर होता. आर्सेनिकची रूपं वेगवेगळी असतात. समुद्री माशांतलं आर्सेनिक बहुतेक सेंद्रिय रूपात असतं आणि त्याचा त्रास फारसा नाही, खरी भीती असेंद्रिय आर्सेनिकची. पण पुढे रूपं वेगळी करून मोजल्यावर दिसलं की रसातल्या आर्सेनिकचा मोठा हिस्सा असेंद्रियच असतो. २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असेंद्रिय आर्सेनिकसाठी १० पीपीबी (अब्ज भागांत १० भाग) ही मर्यादा मसुद्यात मांडली आणि २०२३ च्या जूनमध्ये ती कायम केली. शिशासाठी २०२२ मध्ये मसुदा आला: सफरचंदाच्या रसात १० पीपीबी, इतर फळांच्या रसात २०. त्याआधीचा तिथला आकडा होता ५०.

मधल्या काळात, २०१९ मध्ये, कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकसंस्थेने दुकानातले ४५ रस तपासले. २१ रसांत कॅडमियम (हाही एक विषारी धातू), असेंद्रिय आर्सेनिक किंवा शिसं यांचं प्रमाण त्यांच्या तज्ज्ञांना काळजीचं वाटलं. ही पट्टी त्यांची स्वतःची होती आणि कायद्यापेक्षा कडक होती, हे लक्षात ठेवा. पण पट्टी कडक का ठेवली, तेही समजून घेण्यासारखं आहे.

एक पीपीबी म्हणजे एका लिटरला साधारण एक मायक्रोग्रॅम. १० पीपीबी शिसं असलेला २०० मिलि रस प्यायला तर पोटात २ मायक्रोग्रॅम जातं. त्याच अमेरिकी प्रशासनाने लहान मुलांसाठी सगळ्या खाण्यापिण्यातून मिळून दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम ही काळजीची रेघ आखली आहे. म्हणजे मर्यादेच्या आत असलेलं, पूर्णपणे कायदेशीर असं एक पाकीट दिवसाचा जवळजवळ सगळा वाटा खाऊन टाकतं, आणि भात, भाजी, मसाला, पाणी, धूळ अजून बाकीच आहे. मर्यादा ठरवताना "कारखान्यांना इथपर्यंत खाली येणं जमेल का" हेही पाहिलेलं असतं. त्यामुळे मर्यादेखाली म्हणजे निर्धोक, असा अर्थ काढू नका. शिशाच्या बाबतीत तर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने पूर्वीचा "आठवड्याला एवढं चालेल" हा आकडाच मागे घेतला, कारण मुलांच्या मेंदूवर परिणाम होत नाही अशी खालची पातळी त्यांना सापडेना.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस, असं धरून चालत नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या अंगात दहाव्या हिश्शाच्या आसपास शोषलं जातं, लहान मुलाच्या अंगात ४० ते ५० टक्के. पोट रिकामं असेल तर आणखी. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तरी आणखी, कारण शरीर ज्या वाटेने लोह ओढून घेतं त्याच वाटेने शिसंही आत शिरतं. आपल्या महाराष्ट्रात ५ वर्षांखालच्या मुलांमध्ये ॲनिमियाचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ६८.९ टक्के निघालं होतं. दहातली जवळपास सात मुलं. त्यामुळे अमेरिकेतलं मूल आणि आपलं मूल एकच रस प्यायली तरी आपल्या मुलाच्या अंगात जास्त शिसं मुरण्याची शक्यता असते. याबद्दल आपल्याकडे जवळजवळ कोणी बोलत नाही याची मला मनापासून खंत वाटते. मुलाचं हिमोग्लोबिन तपासून घेणं हा शिशावरचासुद्धा उपाय आहे.

आता पाकिटाकडे येऊ. पाकिटातला सफरचंदाचा रस बहुधा रस आटवून केलेल्या दाट अर्कात पाणी घालून परत पातळ केलेला असतो. साधारण ६ पट पाणी पडतं. अर्क अनेक बागांचा, कधी अनेक देशांचा एकत्र केलेला असतो. त्यामुळे एका वाईट बागेचा रस एकाच पाकिटात येण्याची शक्यता कमी, पण थोडं थोडं सगळ्यांत वाटलं जाण्याची शक्यता जास्त. शिवाय रस नितळ दिसावा म्हणून तो गाळताना एक प्रकारची माती वापरतात, सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांची. तिच्यातूनही थोडं आर्सेनिक उतरू शकतं. चांगला कारखाना ती माती आधी तपासून, धुऊन घेतो. पारदर्शक, सोनेरी रसाचं आपल्याला कौतुक असतं, पण नितळपणाचा आणि शुद्धतेचा संबंध नाही. आणि "१०० टक्के फळांचा रस" हा दावा अशा पुन्हा पातळ केलेल्या रसावर छापू नका, असा आदेश भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२४ च्या जूनमध्येच काढलेला आहे.

पाकिटाच्या आतल्या चंदेरी थराची भीती अनेकांना वाटते. तो ॲल्युमिनियमचा असतो हे खरं, पण त्याच्या आणि रसाच्या मध्ये प्लास्टिकचा थर असतो, धातू रसाला थेट लागत नाही. त्याची काळजी सोडून द्या. प्लास्टिकच्या बाटलीत अँटिमनी नावाचा धातूसदृश घटक असतो, बाटलीचं प्लास्टिक बनवताना तो वापरतात. कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये काही रसांत तो युरोपातल्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याचं दाखवलं होतं. उष्णता वाढली की तो जास्त उतरतो. दुकानाबाहेर उन्हात रचून ठेवलेल्या किंवा मे महिन्यात गाडीत राहिलेल्या बाटल्या मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

पण एवढं सगळं सांगूनही माझ्या अनुभवात धातूचे मोठे, डोळे विस्फारणारे आकडे कारखान्याच्या पाकिटातून क्वचितच आले. ते आले भांड्यांतून.

सासूबाईंना विचारा, "कळकलं" म्हणजे काय. त्या लगेच सांगतील. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक, आमटी, चिंचेचं काही ठेवलं की ते हिरवट होतं, तुरट लागतं आणि पोट ढवळतं, त्याला आपल्याकडे कळकणं म्हणतात. हा शब्द ज्या भाषेत आहे तिथे रसायनशास्त्र घराघरांत होतं असं मी मानते. आंबट द्रवात तांबं आणि जस्त विरघळतं. लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) २ च्या जरा वर, मोसंबी-संत्र्याचा साडेतीन ते चारच्या आसपास. अमेरिकेच्या अन्नसंहितेत स्पष्ट नियम आहे की ६ पेक्षा कमी पीएच असलेला पदार्थ तांब्याला किंवा त्याच्या मिश्रधातूला लागू द्यायचा नाही. आपल्या आज्यांनी हेच पीएचचा आकडा न सांगता पाळलं: तांब्याच्या कळशीत पाणी, आणि आंबट ते दगडीत, चिनी मातीत किंवा कल्हईच्या भांड्यात.

म्हणजे सासूबाईंचं पातेलं वाईट नाही, कल्हई शाबूत असली तर. अडचण पुढची आहे. कल्हई म्हणजे कथिलाचा मुलामा. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवून कापसाने पसरायचं. शुद्ध कथील महाग असतं आणि ते वितळायला २३२ अंश लागतात. त्यात शिसं मिसळलं की ते स्वस्त होतं, आणि योग्य प्रमाणात मिसळलं तर १८३ अंशालाच वितळतं, काम झटकन होतं. भांड्याच्या शिवणीला लावायचा डाख हाच असतो. दिसायला दोन्ही चकचकीत, डोळ्यांना फरक कळत नाही. असं शिसं मिसळलेल्या कल्हईत कोकमाचं सरबत रात्रभर राहिलं तर त्यात काय उतरेल, याचा विचार करा. सगळे कल्हईवाले असं करतात असं मी म्हणत नाही. ही कला जपणारे प्रामाणिक लोक आहेत, आणि कथील गिऱ्हाइकाने आणून दिलं तरी ते आनंदाने लावून देतात. खात्रीच्या दुकानातून शुद्ध कथील घेऊन तुम्हीच द्या, हा माझा सल्ला. आणि तरीही सरबत त्यात करायचं तर करा, पण ठेवायचं काचेत.

पितळेतही फरक असतो. पत्र्याचं, ठोकून केलेलं भांडं वेगळं आणि ओतीव वस्तू वेगळी. नळ, तोट्या, कोरलेल्या शोभेच्या वस्तू यांचं पितळ सहज कापता यावं म्हणून त्यात मुद्दाम थोडं शिसं घालतात. लिंबू पिळायचा जुना ओतीव पितळी चिमटा तुमच्या घरात असेल तर तो फडताळात शोभेला ठेवा.

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका घरगुती उद्योगाचं आगळ माझ्याकडे आलं होतं. तक्रार अशी की सरबत प्यायल्यावर दोन-तीन गिऱ्हाइकांना मळमळलं. जंतू तपासले, काही नाही. रंग तपासला, भेसळ नाही. सहज म्हणून धातू लावले तर तांबं भलतंच वर. मी फोन केला. त्या बाई रडकुंडीला आल्या, कारण त्यांचं काम खरोखर स्वच्छ होतं. सगळं स्टीलचं होतं, काचेच्या बाटल्या होत्या. अर्धा तास बोलल्यावर कळलं की ढवळायला आईच्या वेळचा मोठा पितळी झारा वापरत आणि तो आगळातच सोडून ठेवत. आगळ म्हणजे कोकमाचं आम्ल अधिक भरपूर मीठ. धातू खाण्यासाठी याहून जालीम मिश्रण स्वयंपाकघरात मिळणार नाही. झारा काढला, लाकडी आला, पुढचा नमुना स्वच्छ. एका झाऱ्यापायी त्यांचा धंदा बुडणार होता.

आंबट रस आणि शिसं यांची जुनी कहाणी इंग्लंडात आहे. डेव्हन परगण्यात साइडर म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस पिणाऱ्यांना दर हंगामात भयंकर पोटशूळ उठायचा, हातपाय लुळे पडायचे. लोक सफरचंदाच्या आंबटपणालाच दोष देत. १७६७ मध्ये जॉर्ज बेकर या डॉक्टरने दाखवलं की दोष फळाचा नसून रस काढायच्या घाण्यांत वापरलेल्या शिशाचा आहे. हेरफर्डसारख्या दुसऱ्या परगण्यांत शिसं न लावलेल्या घाण्यांची साइडर पिऊन कोणाला काही होत नव्हतं. दोनशे वर्षांनी तीच गोष्ट कॅनडात घडली. माँट्रियलमध्ये २ वर्षांचं एक मूल शिशाच्या विषबाधेने दगावलं. त्याला सफरचंदाचा रस घरच्या एका हातघडणीच्या मातीच्या सुरईतून देत. सुरईवरच्या झिलईत शिसं होतं आणि रस ते रोज थोडं थोडं खरवडत होता. १९७० मध्ये हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि झिलईच्या भांड्यांवर जगभर नियम कडक होऊ लागले. फळ निर्दोष, रस निर्दोष, भांडं दोषी. प्रदर्शनातून आणलेले रंगीत झिलईचे मग आणि जग दिसतात फार सुरेख, पण बनवणारा खात्री देत नसेल तर त्यात लिंबू सरबत किंवा रस ओतू नका. फुलं ठेवा.

आता बाहेरचा ताजा रस. रसवंतीच्या चरकाबद्दल मला धातूची फार चिंता नाही. उसाच्या रसाचा पीएच ५ च्या आसपास, म्हणजे लिंबाच्या मानाने सौम्य, आणि लाटांना तो काही सेकंदच लागतो. लोखंड थोडं उतरतं, ते अपाय करत नाही. मात्र लाटांच्या टोकाला ग्रीस गळताना दिसत असेल तर तिथून निघा, आणि बर्फ व पाणी यांतून येणाऱ्या कावीळ-टायफॉइडची भीती धातूपेक्षा कितीतरी मोठी आहे. मोसंबीवाल्याकडचा हातदाबाचा ओतीव ॲल्युमिनियमचा प्रेस मी जास्त निरखून बघते. खड्डे पडलेला, काळा झालेला प्रेस आणि रस साठवलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं, ही जोडी नको. भंगारातल्या मिश्र धातूपासून केलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिसं असू शकतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये अशी भांडी तपासली, त्यांत आपल्याकडची हिंडालियमची भांडीही होती, आणि आंबट द्रवात त्यांतून शिसं उतरताना त्यांना दिसलं. निर्वासित कुटुंबांतल्या मुलांच्या रक्तात शिसं का सापडतं याचा शोध घेताना ते तिथवर पोचले होते.

घरच्या मिक्सरमध्येही एक जागा आहे. भांड्याच्या तळाशी पात्याच्या दांड्याला आधार देणारा बुश असतो, तो बहुधा तांब्याच्या मिश्रधातूचा. तो झिजला की पात्याखालून काळपट ओघळ येतो. बायका तो पुसून पुढे चालू ठेवतात, मीही तरुणपणी ठेवला आहे. तो काळा ओघळ म्हणजे झिजलेला धातू आणि वंगण. बुश बदलायला फार पैसे लागत नाहीत, लगेच बदला.

स्टीलबद्दल विचारलं नाहीत तरी सांगते. चांगलं स्टील रसाला उत्तम. नवीन भांड्यातून पहिल्या काही वेळा थोडं निकेल आणि क्रोमियम उतरतं, मग कमी होतं. खारट-आंबट आगळ मात्र स्टीलमध्येही महिनोन्‌महिने ठेवू नये, बारीक खड्डे पडतात. काच सगळ्यांत निर्धास्त, पण जडशीळ क्रिस्टलची बाटली त्यात धरू नका. तिच्या काचेत वजनाच्या चौथ्या हिश्शाइतकं, कधी त्याहूनही जास्त शिशाचं ऑक्साइड असू शकतं.

डबाबंद आमरसाचं वेगळं आहे, आणि हे परदेशातल्या आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहिते, कारण तिकडे ८५० ग्रॅमचा आमरसाचा डबा घरोघरी असतो. डबा कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा असतो आणि आतून लाखेसारखा थर दिलेला असतो. थर शाबूत असेपर्यंत प्रश्न नाही. डबा उघडला, हवा लागली, की उघड्या पडलेल्या जागी कथील झपाट्याने विरघळू लागतं. कथील शिशाइतकं घातक नाही, पण प्रमाण वाढलं तर मळमळ, उलटी, पोटदुखी होते. उघडल्याबरोबर सगळा रस काचेच्या भांड्यात काढा. उघडा डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवू नका, चेपलेला किंवा फुगलेला डबा घेऊच नका. शिशाच्या डाखाने शिवण जोडलेले अन्नाचे डबे अमेरिकेत १९९५ मध्ये बंद झाले, आताचे डबे वेल्डिंगचे असतात.

आपल्या मातीचं काय? नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत आणि सोलापूरच्या डाळिंबांवर मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षं फवारलं जातं, त्याने मातीत तांबं साठतं. फळ नीट धुतलं तर खाणाऱ्याला त्याचा धोका मला वाटत नाही, मातीतल्या जिवाणूंना आहे. कॅडमियमची गोष्ट जास्त गंभीर. ते स्फुरदाच्या खतांतून आणि गटाराच्या पाण्यातून जमिनीत येतं, आणि पालेभाज्या ते फळांपेक्षा खूप जास्त ओढून घेतात. सध्या सकाळी उठून पालक, कोथिंबीर, बीट यांचा हिरवा-लाल रस पिण्याची जी लाट आहे, तिची मला म्हणूनच काळजी वाटते. एक जुडी पालक भाजीत चार जण खातात, रसात एकटा माणूस पितो, तोही रोज. कॅडमियम मूत्रपिंडात दहा-वीस वर्षं ठाण मांडून बसतं. रेल्वेरुळांलगत किंवा नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या भाजीचा रस तर नकोच. आणि "शरीरातले जड धातू बाहेर काढणारा" म्हणून विकला जाणारा कोणताही रस धातू बाहेर काढत नाही. ते काम औषधांनी, रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं, आणि तेही रक्तातलं प्रमाण खूप वाढलेलं असेल तरच.

तुमच्या मुलाचं सांगायचं तर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची शिफारस माझ्यासारखीच आहे: २ वर्षांखाली रस देऊच नये, २ ते ५ वर्षांत दिवसाला फार तर १२५ मिलि, त्याहून मोठ्याला २५०. कारण मुख्यतः साखर आणि दात, पण धातूंचाही हिशेब त्याने आपोआप कमी होतो. २०० मिलिचं पाकीट त्या मर्यादेबाहेरच जातं. सफरचंदाच्या चार फोडी, अर्धा पेरू, एक केळं, संत्र्याच्या पाकळ्या असं आलटून पालटून द्या. एकच फळ, एकाच कंपनीचा एकच रस वर्षभर दिला तर त्यातला जो काही दोष असेल तो रोज त्याच मुलाच्या वाट्याला येतो. सणावारी, प्रवासात एखादं पाकीट प्यायला तर काहीही होत नाही, त्याच्या हातातून हिसकावू नका.

मनात शंका राहिलीच असेल तर रस तपासण्याआधी मुलाचं रक्त तपासा. शिरेतून घेतलेलं रक्त हवं, बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळते. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघालं तर शिसं कुठून येतंय ते शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत ३.५ लाच शोध सुरू करतात. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ ही संस्था यांनी केलेल्या अंदाजानुसार जगात दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात ५ च्या वर शिसं आहे आणि त्यांतली कोट्यवधी मुलं भारतात आहेत. तेव्हा आकडा वर आला तर रसालाच धरून बसू नका. खुली पिवळीधमक हळद, काजळ-सुरमा, भिंतीचा पोपडे निघालेला जुना रंग, बॅटऱ्या गाळण्याचं जवळपासचं काम, काही भस्मं, हे सगळं डॉक्टरांना सांगा.

रस तपासता येतो का? येतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ४० खाली कोणीही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं, आणि पदार्थ नियमात बसत नाही असं निघालं तर शुल्क परत मिळतं. घरच्या सरबतासाठी मात्र मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा गाठा. तिथे जाताना काही गोष्टी विचारून घ्या. आयसीपी-एमएस यंत्रावर (अगदी सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणारं यंत्र) करणार का? शिशासाठी किती पीपीबीपर्यंत खाली मोजता येतं? "१०० पीपीबीच्या खाली, आढळलं नाही" असा अहवाल १० ची चिंता करणाऱ्या आईच्या काहीच कामाचा नसतो, आणि असे अहवाल मी खूप पाहिले आहेत. आर्सेनिक निघालं तर असेंद्रिय वेगळं करून मोजता का? आणि नमुना आगळासारखा खारट असेल तर ते आधी सांगा. यंत्रातला आर्गॉन वायू आणि मिठातलं क्लोरीन जोडीने ४० आणि ३५ मिळून ७५ वजनाचे होतात, नेमकं आर्सेनिकचं वजन, आणि नसलेलं आर्सेनिक कागदावर उमटतं. जाणकार विश्लेषक त्यासाठी हेलियम सोडून ती जोडी फोडतो.

नमुना कशात नेता हेही महत्त्वाचं. एकदा एका काळजीत पडलेल्या वडिलांनी संत्र्याचा रस आणला, शिसं इतकं निघालं की मी दोनदा यंत्र तपासलं. रस त्यांनी घरातल्या शोभेच्या क्रिस्टलच्या बाटलीतून, दोन दिवस त्यात ठेवून आणला होता. त्यांनी दुसऱ्या दिवशी तसाच रस क्रिस्टलमध्ये न ठेवता थेट नव्या प्लास्टिकच्या बाटलीत आणला, आणि आकडा यंत्राच्या तळाशी गेला. प्रयोगशाळेकडूनच आम्लाने धुतलेली बाटली मागून घ्या, ती बहुतेक ठिकाणी मागितल्यावर देतात. पितळेच्या पातेल्याची शंका असेल तर दोन नमुने द्या, एक काचेत केलेल्या सरबताचा आणि एक तेच सरबत पातेल्यात रात्रभर ठेवून. सरबत एकाच दिवसाचं, एकाच पाण्याचं, एकाच लिंबांचं हवं, नाहीतर दोन आकड्यांमधला फरक भांड्याचा की आणखी कशाचा, ते कळणार नाही.